एक वाटी भात

आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला भात सोड म्हणून सांगणे म्हणजे ढिवराला तळ्याकडे पाठ करून बस म्हणून सांगण्यासारखे आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली, हा सारा धानाचा मुलूख. १९८२ साली सरकारने एका जिल्ह्याचे दोन केले, पण ताटातला भात दोन्हीकडे एकच राहिला. मी शाळेत तेहतीस वर्षे भूगोल शिकवला. 'या प्रदेशातील मुख्य पीक कोणते?' हा प्रश्न किती वर्गांना घातला असेल याचा हिशेब नाही; आणि त्याचे उत्तर चुकलेला विद्यार्थी मला आठवत नाही. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या दोन-तीन लोंब्या हेरल्या, त्यांचे बी राखले, वाढवले, आणि त्यातून निघालेला तांदूळ त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने, एच.एम.टी. म्हणून, दूरदूर गेला. दादाजी २०१८ साली गेले. अशा माणसाच्या तालुक्यात राहून मी गेली काही वर्षे वाटीने मोजून भात खातो आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यासमोर आला की मी हात आडवा धरतो, आणि शेजारचा माणूस माझ्याकडे सुतकात असल्यासारखा पाहतो.

मधुमेह मला २०१० सालीच लागला होता. पण तो बिनभाड्याच्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात पडून होता. सकाळ-संध्याकाळ एक गोळी घ्यायची, चहात साखर टाकायची नाही, आणि दोन्ही वेळा पोटभर भात खायचा, असा आमचा समझोता. साखर म्हणजे साखर. भात म्हणजे अन्न. भाताचीही पोटात गेल्यावर साखरच होते, हे मला वाचून ठाऊक होते. पण वाचलेले आणि पटलेले यांत फार अंतर असते, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

२०२१ च्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचे. धानाची मळणी चालू होती, तेव्हा धुळीचा खोकला म्हणून सोडून दिला. मग विजारी सैल होऊ लागल्या. मोच्याकडून पट्ट्याला एक भोक पाडून घेतले, मग दुसरे. तिसऱ्या वेळी मोचीच म्हणाला, "गुरुजी, आता नवा पट्टाच घ्या जी, ह्याची शेपूट पाठीपर्यंत चालली." मी हसलो, पण घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो, कारण पायडल मारवेना. गावच्या आशाताई माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी थुंकीची डबी हातात दिली आणि आठवड्याने, जानेवारी २०२२ मध्ये, नजर खाली घालून सांगितले, "गुरुजी, टीबी निघाली."

मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट असतो, हे मला त्यानंतर कळले. म्हणजे कोपऱ्यातल्या त्या पाहुण्याने दार आतून उघडून दुसऱ्याला घरात घेतले होते.

माझे एरवीचे वजन त्रेसष्ट किलो. औषध सुरू झाले त्या दिवशी काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. क्षयाच्या गोळ्या वजन पाहून देतात. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला रोज तीन, पन्नासच्या वर गेला की चार. मला तीन मिळाल्या. लघवी शेंदरी झाली. ती त्या गोळ्यांचीच करामत असते, तिला भिऊ नका, असे आशाताईंनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून बरे.

आता खरी पंचाईत पुढे आली. क्षयरोग्याने भरपूर खावे, वजन वाढवावे, असे एक सांगणे. मधुमेह्याने तोंड आवरावे, असे दुसरे. मी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात सल्ला घ्यायला गेलो, तेव्हा तिथे एक छापील कागद मिळाला. भात बंद, बटाटा बंद, गूळ-साखर बंद, इथवर ठीक. पुढे तूप बंद, तेल नाममात्र, शेंगदाणे बंद, खोबरे बंद, साईचे दूध बंद. काय खावे याच्या रकान्यात दोन फुलके, काकडी आणि पातळ ताक. कागद देणाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले असते, तर त्याला दिसले असते की समोर बसलेल्या माणसाच्या गालफडांत सुपारी ठेवायला जागा झाली आहे. पण रांग मोठी होती. त्या कागदाला मी दोष देत नाही. तो कुणा सुटलेल्या पोटाच्या व्यापाऱ्यासाठी उत्तम असणार.

आमच्या मंडळींनी तो कागद चुलीजवळच्या भिंतीला खिळ्याने लटकवला आणि कायद्यासारखा पाळला. दोन महिने मी फुलके आणि काकडी खाल्ली. भेटायला येणाऱ्यांचे मात्र वेगळेच. बहिणीने डिंकाचे लाडू आणले. मेहुणे केळीचा घड घेऊन आले. एटापल्लीकडे नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोहफुलांचे लाडू पाठवले. जंगलचा मेवा, त्याला काय होते, असे वर सांगून. मोहाचे वाळलेले फूल म्हणजे जवळजवळ साखरेची पुडीच, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार! मंडळींनी सगळे परस्पर वाटून टाकले. मी लाडवाच्या वासावर दिवस काढत होतो.

वजन करायला तालुक्याला जाण्याचे बळ नव्हते. गावात राइस मिल आहे. तिच्या काट्यावर मी दर सोमवारी उभा राहू लागलो. मिलमालक सज्जन माणूस. तो धानाच्या वहीतच माझ्या वजनाची नोंद करी. वर कुणाची बारा पोती, खाली कुणाची वीस, मध्ये मी. पोते चाळीस किलोचे असते. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी तो काट्याकडे पाहून थोडा वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, एक पोतं अन् वरते साडेच्यार किलो." औषध घेऊन दोन महिने होत आले होते आणि मी साडेतीन किलो आणखी गमावले होते.

त्या आठवड्यात मंडळी माझे सदरे मापात घेत होत्या. दुपारी मला डोळा लागला आहे असे समजून त्या शिलाई यंत्रावर बसल्या होत्या. एक सदरा मी नंतर उलटा करून पाहिला. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे तीन-तीन बोटे कापड आत दुमडून ठेवले होते. कापायला हवे ते कापलेच नव्हते.

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी खिशातून तो छापील कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, मग मला वाचले, आणि विचारले, "गुरुजी, भात कमी करा म्हणजे जेवण कमी करा, असे कोणी सांगितले तुम्हाला?" त्या दिवशी त्यांनी मला जे समजावले ते वर्गात शिकवण्याच्या लायकीचे होते. रक्तातली साखर साधारण एकशे ऐंशीच्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. ती लघवीतून वाहू लागते. माझी साखर तीनशेच्या घरात होती. शिवाय क्षयाच्या औषधांतले एक औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. म्हणजे बांधीचा धुरा फुटलेला. वरून कितीही पाणी सोडा, रोवणीला उपयोग नाही. आधी धुरा बांधायचा. त्यासाठी इन्शुलिन. मग पाणी सोडायचे, पण ते भाताचे नव्हे. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमात नऊ उष्मांक, पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅमात चार. तेल, दाणे, अंडी, मासळी, दही यांनी वजन वाढते आणि साखर त्या मानाने थोडी चढते. भात दर जेवणाला एक वाटी, सपाट. मूत्रपिंडे आणि यकृत त्यांनी आधी तपासून घेतली आणि मगच ही परवानगी दिली, हे इथे नमूद करतो. नाहीतर उद्या कुणी माझ्या भरवशावर डझनभर अंडी खायचा.

ही गोष्ट काही नवी नाही, असे पुढे वाचनात आले. चरकाने मधुमेह्यांचे सरळ दोन वर्ग केले आहेत. एक लठ्ठ आणि बळकट, दुसरा कृश आणि दुबळा. पहिल्याला शोधन द्यावे, दुसऱ्याला पोसावे, असे त्याचे म्हणणे. आणि धान्यांत त्याचा भर जवावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने रोग्याकडे मान वर करून पाहिले, त्याला छापील कागदाची सोय नव्हती हे रोग्यांचे भाग्यच. रोडक्या माणसांच्या मधुमेहाकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष मात्र जात-येत राहिले. १९५५ साली जमैकात त्याचे वर्णन झाले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेह असा वेगळा वर्ग केला, १९९९ मध्ये तो काढून टाकला. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून पुन्हा पंगतीत बसवले. माझा मधुमेह त्यातला नव्हे, साधाच आहे. पण ही बातमी वाचली तेव्हा आमच्या भागातली कितीतरी हडकुळी माणसे डोळ्यांपुढे आली.

तर अंडी आणि मासळी. इथे दुसरे संकट उभे राहिले. आमच्या मंडळींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माहेर वारकरी. लग्न झाल्यापासून घरात अंड्याचे टरफल आले नव्हते. मीही तेव्हापासून सोडले होते, आणि त्याचे मला कधी दुःख वाटले नाही. डॉक्टरीणबाईंचे बोलणे त्यांनी शेजारी बसून ऐकले होते. घरी येईपर्यंत एस.टी.त आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रात्री मी म्हटले, "दाण्यांवर आणि दह्यावर भागेल. बघू." त्या म्हणाल्या, "वजन चव्वेचाळीस झालंय अहो. आणखी काय बघायचं?"

दुसऱ्या दिवशी परसात तीन दगडांची चूल मांडली गेली. एक ॲल्युमिनियमचे पातेले त्या चुलीचे म्हणून वेगळे झाले. सकाळी आंघोळीच्या आधी त्या तिथे दोन अंडी उकडून ठेवीत आणि मग आंघोळ करून देवाजवळ बसत. सोलायचे काम माझे. हात कापत, टरफलाबरोबर निम्मे पांढरे निघून जाई. चार दिवस त्यांनी ते लांबून पाहिले. पाचव्या दिवशी पुढे आल्या, अंडे हातातून घेतले आणि सोलून दिले. मी काही बोललो नाही. काही प्रसंगी आभार मानणे हाही आगाऊपणा असतो.

मासळीचे काम ढिवरीणबाईंनी सोडवले. आमच्याकडे गावोगाव बोड्या आणि तळी. मालगुजारीच्या काळातली जुनी तळी अजून धानाला पाणी देतात आणि माणसांना मासळी. ही बाई दारावरून टोपली घेऊन जाई, कारण हे घर गिऱ्हाइकाचे नव्हे हे तिला माहीत. आता ती ओट्यावर बसली आणि मंडळींना म्हणाली, "बाई, मास्तर जगाले पाह्यजे का चूल सोवळी राह्याले पाह्यजे? मी करून आनते ना घरून." ती मरळ करून आणी, कधी झिंगे. पैसे घेई, पण फक्त मासळीचे. मसाल्याचे आणि तेलाचे विचारले की ऐकू न आल्यासारखे करी.

बाकीचे घरचेच होते. भाजलेल्या शेंगदाण्यांची एक मूठ दहाला, एक चारला. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात, हे मी पाठ केले होते आणि चावताना मनात मोजत असे. जवसाची चटणी, तिच्यात खड्डा करून तेल. घट्ट वरण, आणि भात कमी म्हणून वरण वाटीने प्यायचे. दही, साय काढू नये अशी सक्त ताकीद. पावसाळ्यात वास्ते आले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, तरोट्याची भाजी आली, पहिल्या गडगडाटानंतर सात्या आल्या. या भाज्या भरपूर तेलात परतल्या की भाताची आठवण येत नाही, असे मी म्हणणार होतो. पण खोटे कशाला बोला? सात्यांचा रस्सा समोर असला की भाताची आठवण अधिकच येते. एक वाटी भात मी तासभर पुरवी. आधी सगळे खायचे आणि शेवटी भात, अशी युक्ती मीच काढली. लहानपणी ताटातली पुरणपोळी शेवटाला ठेवायचो, तसे.

सरकारकडून क्षयरोग्याला आहारासाठी महिना पाचशे रुपये बँकेत जमा होत. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम हजार झाली. पाचशेची आमच्या गावी ऐंशी-एक अंडी येत. निवृत्तिवेतन असलेल्या माझ्यासारख्याचे त्यावर अडले नाही. पण गोळ्या घ्यायला येणाऱ्यांत मोलमजुरी करणारेही होते. त्यांच्या घरी स्वस्त धान्य दुकानाचा तांदूळ हाच आहार आणि तोच आधार. भात एक वाटी घ्या आणि बाकी मासळी-दही खा, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? माझ्या पथ्याची किंमत मला तिथे त्या बाकावर बसल्यावर कळली.

एप्रिलमधली एक रात्र मात्र सांगायलाच हवी. इन्शुलिनचे प्रमाण ठरलेले होते. मला वजनाचा हुरूप आलेला. मी त्या रात्री भाताची वाटीही सोडली, नुसती भाजी आणि दही खाऊन झोपलो. मनात म्हटले, डॉक्टरीणबाई खूश होतील. मध्यरात्री जाग आली ती घामाने. गादी ओली, हात थरथरताहेत, आणि समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर कोणत्या महिन्याचे ते लक्षात येईना. मला हाक मारायची होती आणि मंडळींचे नाव आठवेना. चाळीस वर्षांचा संसार, आणि नाव आठवेना! घशातून कसलासा आवाज निघाला असावा. त्या उठल्या, दिवा लावला, एकदा तोंडाकडे पाहिले आणि धावत स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर सगळ्यांत मागे, पाहुण्यांच्या चहासाठी ठेवलेला साखरेचा डबा होता. चार चमचे साखर पाण्यात ढवळून माझ्या तोंडाला लावली. शुद्धीवर असून घोट घेता येतो आहे ना, हे पाहून मगच, थोडे थोडे करून. पंधरा मिनिटांनी मला मार्च संपून एप्रिल लागल्याचे आठवले. मग त्यांचे नाव. ते मी मोठ्याने उच्चारले, आणि त्या पदर तोंडाला लावून रडल्या. लग्नातल्या उखाण्यानंतर मी त्यांचे नाव असे घेतले नव्हते.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या नाहीत. जेवणातले पीठ कमी केले तर इन्शुलिन त्या मानाने कमी करावे लागते, आणि ते त्या ठरवणार, मी नव्हे, हे त्यांनी मला उभे करून सांगितले. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना ज्या आवाजात बोललो त्याच आवाजात. तेव्हापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा असतो.

त्या दिवसांत झोप लागत नसे, तेव्हा मी इन्शुलिनचा इतिहास वाचला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना ते सापडले. त्यापूर्वी अमेरिकेतले डॉ. ॲलन मधुमेही मुलांना जगवण्यासाठी उपाशी ठेवीत. दुसरा उपायच नव्हता. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी त्यांच्याकडे होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती बँटिंगकडे आली तेव्हा वय पंधराच्या आत आणि वजन अवघे वीस किलो. अर्धे पोते. इन्शुलिन मिळाले, अन्न अंगी लागू लागले आणि ती मुलगी १९८१ पर्यंत जगली. गंमत अशी की पीठ-साखर सोडून वजन उतरवल्याची हकीकत १८६३ साली ज्या लठ्ठ लंडनकराने छापली, त्याचेही आडनाव बँटिंगच. एका बँटिंगने जाड्यांना बारीक केले, दुसऱ्याने बारकांना वाचवले. माझ्या हाती पडलेला तो कागद पहिल्या बँटिंगच्या घराण्यातला होता, असे मी मंडळींना सांगितले. त्यांनी तो खिळ्यावरून काढून परसातल्या चुलीत घातला.

मार्चपासून काटा वर चढू लागला होता. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. मे महिन्यात उन्हाने एक आठवडा तिथेच अडला. जूनच्या शेवटी मिलमालकाने ओरडूनच सांगितले, "साडेपन्नास!" आणि मिलमधल्या दोन हमालांनी माझ्याकडे असे पाहिले की मी काहीतरी उचलूनच दाखवले आहे. आशाताईंनी डब्यातून तीनऐवजी चार गोळ्या काढून हातावर ठेवल्या. नोकरीत मुख्याध्यापकपद माझ्या वाट्याला आले नाही. ही एक बढती मात्र मिळाली. जुलैत उपचार पुरा झाला. थुंकी निर्मळ निघाली.

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, झारखंडात क्षयरोग्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग्यांना दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल असे दहा किलोंचे सामान दिले होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्याचे वजन एका टक्क्याने वाढले त्याचा मृत्यूचा धोका तेरा टक्क्यांनी कमी झालेला आढळला. पाच टक्क्यांनी वाढले तर एकसष्ट टक्क्यांनी. मी ते दोनदा वाचले आणि वर्तमानपत्र घडी घालून उशाखाली ठेवले. ते पहिले दोन महिने मी काकडी खात काढले होते. मंडळींना ते आकडे मी अजून दाखवलेले नाहीत.

२०२२ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दुकाने लागतात आणि रात्री वडशाच्या कंपन्यांची नाटके पहाटेपर्यंत चालतात. मंडईला घरात वीस-बावीस पाहुणे. नव्या धानाचा तांदूळ कांडून आला होता आणि त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. मंडळींनी सकाळीच माझा सदरा यंत्रावर घेतला आणि बाजूच्या शिवणी उसवून दुमडलेले कापड मोकळे केले. उसवल्याच्या खुणा दिसत होत्या, म्हणून नवा शिवावा असे सुनेने सुचवले. त्या म्हणाल्या, "हाच घालतील."

परसातली चूल अजून तिथेच होती. पाहुण्यांत माझा धाकटा मेहुणा, तोही माळकरी. त्याने ती पाहिली आणि बहिणीकडे पाहिले. त्या भात वाढत होत्या. त्यांनी माझ्या ताटात वाटी उपडी केली, वर नव्या भाताचा आणखी एक डाव घातला, आणि तो डाव पुन्हा उचलून घेऊन मेहुण्याच्या ताटात टाकला. "तू खा," त्या त्याला म्हणाल्या. "यांचं झालं."

दुसऱ्या सोमवारी मी मिलमध्ये गेलो. छप्पन किलो. मिलमालकाची जुनी वही संपली होती, त्याने नवी काढून पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले आणि मला विचारले, "गुरुजी, तुमचं नाव याच्यातबी घ्याचं का जी?"

मी म्हटले, घ्या. फक्त या वेळी धानाच्या पोत्यांमध्ये नको, उधारीच्या पानावर घ्या.